काही नाही म्हणायच्या आधी

वत्सलाबाईंचा चहा संपलेला मी कधी पाहिला नाही. कप हातात घेऊन त्या उभ्या राहायच्या, दोन घोट घ्यायच्या आणि तेवढ्यात काहीतरी आठवून आत निघून जायच्या. मग तो कप कुठे सापडेल याचा नेम नसे. खिडकीत, औषधाच्या कपाटावर, एकदा तर रोग्यांच्या वजनकाट्यावर. मी ते गोळा करून धुवायची. त्याबद्दल त्यांना कधी बोलले नाही. तशी मी कोणालाच फारसं काही बोलत नसे.

तेव्हा बऱ्हाणपुरात टीबीचा दवाखाना वेगळा होता. शहराच्या तटाबाहेर कापसातली सरकी काढायचा एक जीन बंद पडला होता, त्याच्या ऑफिसात. जिथे पूर्वी मुनीम बसायचा, त्या खोलीत वत्सलाबाई रोग्यांचे बेडके तपासत. बेडका काचेवर पातळ पसरायचा, दिव्यावर गरम करायचा, रंगवायचा, आणि मग खुर्दबिनीखाली बघायचा. टीबीचे जंतू असले तर निळ्यावर लाल काड्या दिसतात. औषध वर्ष वर्ष, कधी त्याहून जास्त चालायचं. ते लागू पडतंय की नाही हे कळायला एक्स-रे जिल्ह्याच्या गावी, आणि तिथे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून दर काही महिन्यांनी बेडका बघायचा. काड्या कमी होत गेल्या तर औषध चालू ठेवायचं, नाहीच दिसल्या तर रोगी सुटला.

मी चौथी शिकलेली. काचेवर नंबर लिहिता येतील म्हणून मला तिथे घेतलं. शिवाय काचा धुवायच्या, स्पिरिटचा दिवा भरायचा, आणि खराट्याच्या काड्या सारख्या मापाने तोडून ठेवायच्या. बेडका पसरायला त्याच काड्या. एक काडी एका रोग्याला, मग ती जाळायची. टीबीच्या काचा धुते म्हणून घरी माझ्या जावा मला पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. मी बाईंना ते सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. कारण त्या माझ्या हातचं पाणी मुद्दाम सगळ्यांसमोर मागून घेत.

एक नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. ज्या काचेवर लाल निघालं, ती काच धुवून परत वापरायची नाही, फोडायची. "एखादी लाल काडी चिकटून राहिली तर उद्या दुसऱ्याच्या नावावर जाईल ग." कंपाउंडर म्हणायचा, बाई सरकारच्या काचा फोडत सुटल्या आहेत. बाई म्हणायच्या, "फोडते. माझ्या पगारातून कापा." कोणी कापत नसे.

खुर्दबिनीला वीज लागत नसे. खाली एक गोल आरसा होता, त्याने ऊन आत घ्यायचं. मुनिमाच्या खोलीला तीन खिडक्या होत्या, आणि दिवसभर आम्हा दोघींना टेबल उन्हामागे सरकवावं लागे. सकाळी एका खिडकीत, दुपारी दुसऱ्या. ढग आला की बाई येरझाऱ्या घालायच्या. अंगणात जाऊन वर बघायच्या, परत यायच्या, परत जायच्या. ढगाला त्या चक्क रागवायच्या. "आता काय नडलं होतं तुझं?" असं. दवाखान्यात नवा आलेला रोगी दचकून इकडेतिकडे बघायचा.

त्यांचं घर भुसावळला होतं. नवरा तिथे रेल्वेत. नवी राज्यं झाली तेव्हा भुसावळ एका राज्यात गेलं, बऱ्हाणपूर दुसऱ्यात. बाई हसून म्हणायच्या की सरकारने आमच्या संसारातून रेघ ओढली. याहून जास्त त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दिवसभर त्यांच्या तोंडात एकच पाठ असायचा. "थुंकी तोंडाची, बेडका छातीचा. मला छातीचा पाहिजे." विणकरांना तोच हिंदीत. "भाई, थूक नहीं, बलगम चाहिए. अंदर से." लोकांना ते पटत नसे. सरकारी दवाखान्यात घाण न्यायची कशी, म्हणून पुष्कळ जण चांगल्या खळखळून चुळा भरून यायचे आणि वाटीत स्वच्छ थुंकी ठेवायचे, देवाला तीर्थ द्यावं तशी. निंबोल्याच्या एका म्हातारबाने घरून बेडका आणला तो केळीच्या पानात बांधून, वर केळीच्याच वाळल्या सोपटाचा दोर. बाईंनी पुडी सोडली तर आत नुसता केळीचा चीक.

"बाबा, हे काय आणलं?"

"तुमीच म्हनल्या ना, घट्ट पाहिजे."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. हसता हसता त्यांनी म्हाताऱ्याला अंगणात नेलं आणि चांगला बेडका घेऊनच सोडलं.

बेडका एकदा काचेवर आला की मात्र त्यांचं हसणं बंद. त्या म्हणत, "लाल दिसलं की माझं काम झालं, उठून चहा प्यायला मोकळी. काही नाही म्हणायचं तर सगळी काच बघावी लागते, या टोकापासून त्या टोकापर्यंत." त्या खरंच तशी बघायच्या. एका बोटाने काच कणाकणाने सरकवत. चहा तसाच राहायचा तो त्यामुळेच.

आमच्याकडे एक शाळामास्तर यायचे. अंगाने चांगले, बोलायला गोड. रिपोर्ट स्वच्छ आल्याशिवाय शाळा त्यांना वर्गावर घेईना. औषधाच्या कडू पुड्यांनी त्यांचं पोट बिघडायचं म्हणून ते औषध घेत नव्हते, हे पुढे कळलं. एके दिवशी त्यांनी घरून डबी आणली. बाईंनी झाकण काढलं, डबी उन्हात धरली आणि मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, पान कधीपासून खायला लागलात?"

"मी? छे! मी पानाला शिवत नाही. ब्राह्मणाचं तोंड आहे हे."

"मग या बेडक्याला कात कुठून लागला?"

तो बेडका शाळेच्या शिपायाचा होता. शिपाई दिवसभर पान चघळायचा.

"मुलांना काय शिकवता हो? खोटं बोलू नये म्हणून?" बाई म्हणाल्या. मास्तर तिथेच रडायला लागले. घरात पाच तोंडं होती. बाईंनी त्यांना रागावणं सोडून पुड्या जेवणाबरोबर कशा घ्यायच्या ते समजावलं. पण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. बेडका घरून आणायचा नाही, इथेच द्यायचा, आणि देताना घरचं एक मोठं माणूस शेजारी उभं पाहिजे. साक्षीला. अदलाबदल नको.

हा नियम सगळ्यांना शहाणपणाचा वाटला. डॉक्टरसाहेबांनी तर बाईंना शाबासकी दिली.

द्वारका आली ती त्यानंतर. फोपनारची. सोनजी पाटलांची सून. नवरा ट्रकबरोबर केळी घेऊन दूरदूर जायचा, म्हणून तिला सासराच आणायचा. सोनजी पाटील उंच, धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग, बोलणं थोडं. त्यांनी तिची हयगय केली नव्हती. मळ्यात तिला वेगळी झोपडी बांधून दिली होती, दूध-अंडी सुरू केली होती. पण तिचं दीड-दोन वर्षांचं पोर, गोपाळ, त्यांनी निंबोल्याला आपल्या लेकीकडे ठेवलं होतं. डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं होतं, बेडका स्वच्छ होईपर्यंत पोराला आईजवळ ठेवू नका. द्वारका येताच आधी ते विचारायची. "बाई, स्वच्छ कधी व्हईन?"

पहिल्या वेळचा बेडका लाल होता, भरपूर. औषध सुरू झालं, आधी इंजेक्शनं, मग पुड्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासला, तर काही नाही. त्यानंतर पुन्हा, काही नाही. सोनजी पाटील प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे तिच्या शेजारी उभे होते. दुसऱ्यांदा कोरं आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. म्हणाले, "मंग पोर आनतो. निंबोल्यात त्याले करमत नाही."

सगळे खूश, एकट्या बाई नाहीत. त्या दिवशी त्या वजनकाट्याशी तीनदा जाऊन आल्या.

"हिचं वजन का उतरतंय?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "पोराची काळजी. आईच आहे ती."

"औषध घेत नसेल?"

त्यासाठी एक स्वस्तातली युक्ती होती. रोग्याच्या लघवीत एका औषधाचे थेंब टाकले की, कडू पुड्या खरोखर पोटात गेल्या असतील तर ती जांभळी होते. द्वारकेची झाली, चांगली गर्द. म्हणजे औषध घेते. बेडका कोरा. आणि तरी वजन कमी. बाई खुर्दबिनीच्या नळीला डोळा लावायच्या, उठायच्या, त्याच काचा परत काढायच्या.

"पाटील," त्या म्हणाल्या, "पोर आणायला आठ दिवस थांबा."

"काबरं? तुमीच म्हनल्या कोरं हाय."

"मी म्हणाले. तरी थांबा."

द्वारकेने नुसता पदर तोंडाशी धरला.

आठ दिवस काढणं बाईंना जमलं नाही. दोनच दिवसांनी मला घेऊन त्या फोपनारच्या बसमध्ये बसल्या. काय बघायला चाललो ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नव्हतं. मळ्यातून जाताना त्या माझ्या पुढे, एवढ्या भराभर, की केळीची पानं अंगावर फाटत होती. झोपडी दिसली आणि तिथूनच खोकला ऐकू आला. भरलेला, ओला, छातीच्या तळातून येणारा. बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला.

तेवढ्यात बांधावरून सोनजी पाटील येत होते. सून आत आहे हे माहीत असलेला कोणताही सासरा करतो तसं, त्यांनी लांबूनच खाकरून आवाज दिला.

आतला खोकला तटकन थांबला. जणू कोणी तोंडावर हात ठेवला.

पाटील विहिरीकडे वळले. आम्ही आत गेलो. द्वारका कोपऱ्यात पदर डोक्यावरून ओढून बसली होती, डोळ्यांत पाणी, गळ्याच्या शिरा ताठ. खोकला गिळला होता तिने.

"दवाखान्यात पण असंच करतेस?" बाईंनी विचारलं.

"काय करू मंग? मामाजी शेजारी उभे राह्यतात. त्यांच्याम्होरं खाकरू? बाईच्या जातीने?" मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "तोंडात जेवढं असते तेवढं देते."

बाई खाली बसल्या. जमिनीवर, सारवलेल्या ओल्यावर. "मीच त्यांना तिथे उभं केलं," त्या मला म्हणाल्या. "मास्तर लबाडी करतात म्हणून मी हिचं तोंड बांधलं."

त्यांनी तिला तिथल्या तिथे खोकायला सांगितलं. जमलं नाही. बाहेर विहिरीवर पाटलांच्या पायांचा आवाज होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाटलांना फाटकाबाहेर बसवलं, तरी जमेना. आत कंपाउंडर, डॉक्टर, पुरुष रोगी. गळा बंद होऊन बसला होता.

त्या आठवड्याच्या बाजारातून बाई टांग्यात घालून एक जातं घेऊन आल्या. टांगेवाल्याने ते जिनाच्या मागच्या अंगणात, बाभळीखाली उतरवलं. डॉक्टरसाहेब बाहेर आले.

"हे काय आहे, बाई?"

"यंत्र, साहेब."

"कसलं?"

"खोकल्याचं."

"हिला मी विश्रांती सांगितली आहे."

"मूठभर ज्वारी आहे. घरी ती टोपलीभर दळत होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

डॉक्टरसाहेब चांगले होते. ते हसले आणि आत गेले.

पहिल्यांदा बाई जातं रिकामंच फिरवायला सांगत होत्या, पण द्वारकेने खुंट्याला हात लावला नाही. रिकामं जातं फिरवत नाहीत. म्हणून मूठभर ज्वारी. रोग्याने दळलेलं पीठ कोण खाणार, म्हणून त्याची खळ शिजवायची आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. ते माझ्याकडे आलं.

पलीकडून खुंटा धरायला मी बसले. जातं घरघरायला लागलं. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. "गा ग," बाई मला म्हणाल्या. मी नाही म्हणून मान हलवली. मग द्वारकाच गायला लागली, आधी पुटपुटत, मग मोकळ्याने. भावाची ओवी होती. दोन ओव्या झाल्या, तिसरीच्या मध्येच तिला श्वास पुरेना आणि खोकला आला. ती थांबू बघत होती. बाईंनी मला खूण केली, मी जातं जोरात फिरवलं. द्वारका वाटीवर वाकली.

बाईंनी वाटी उन्हात धरली आणि त्या आत पळाल्या.

फार वेळ लागला नाही. दारात येऊन त्या म्हणाल्या, "आहेत." आणि लगेच, "खूप आहेत."

सोनजी पाटील अंगणात आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, खाली न बघता. पाटील ऐकत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "दोनदा कोरं म्हनल्या तुमी. मी निंबोल्याले निरोप धाडून राह्यलो. आता लाल? काच बदलली का कोनाची?"

"काच हिचीच आहे. चूक माझी होती, पाटील. नियम माझा होता."

द्वारका जात्याशी बसलेली होती, ती उठून आली आणि तिने बाईंचे हात धरले. "बाई, कोरं म्हना. दोनदा म्हनल्या तसं आजून एकदा म्हना. कोनाले कळनार हाय?"

"तुझ्या पोराच्या छातीला कळेल."

"मी तोंड बांधून घेईन. पदर सोडनार नाही. त्याले नुसतं दिसू द्या मले."

"द्वारके, नाही."

"तुमाले पोर नाही म्हनून बोलता."

बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. त्यांना मूल होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

नुसत्या पुड्या पुरल्या नव्हत्या, म्हणून रोजची इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. पाटलांनी तिला शहरात, शनवाऱ्यात एका नातेवाइकाच्या ओसरीवर आणून ठेवलं, म्हणजे रोज येता येईल. द्वारका यायची, हात पुढे करायची, सुई टोचून घ्यायची आणि बाईंच्या खोलीकडे न बघता जायची.

बाईंना मात्र त्यानंतर स्वस्थता म्हणून राहिली नाही. ज्या ज्या बाईमाणसाला त्यांनी कोरं सांगितलं होतं, ती प्रत्येक त्यांना आठवायला लागली. "ती असीरगडची, जिच्याबरोबर थोरला दीर यायचा. ती फुलवाल्याची सून." त्या सगळ्यांना त्यांनी पुन्हा बोलावलं. ज्या आल्या नाहीत त्यांच्याकडे गेल्या, कधी बसने, कधी बैलगाडीत. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, झालं ते झालं, सगळ्यांच्या मागे कशा जाल?" बाई म्हणाल्या, "मग कोणाच्या जाऊ नको ते सांगा." बाभळीखाली रोज जातं फिरायला लागलं. विणकरांच्या बायका यायच्या, केळीवाल्यांच्या यायच्या, आपसात थट्टा करायच्या. एक म्हणायची, "चला बहन, सरकार का आटा पीसने." काहींचं कोरंच निघालं. काहींचं लाल निघालं. लाल निघालं की बाई त्या बाईच्या घरी स्वतः सांगायला जायच्या, कंपाउंडरला पाठवत नसत.

मग वरून हुकूम आला की टीबीचे वेगळे दवाखाने राहणार नाहीत, सगळे मोठ्या दवाखान्यात मिळवायचे. म्हणजे रोग्याला लपून यावं लागणार नाही, तापाला औषध मिळतं तिथेच टीबीलाही मिळेल. बाईंना ते पटलं होतं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "जिनाच्या फाटकातून कोणी शिरलं की गावाला कळायचं." पण चांगलं झालं म्हणून सोपं झालं असं नाही. तिथे त्यांना मलेरियाचं रक्त, लघवी, जुलाब, सगळंच तपासायचं होतं. खोलीला खिडकी एकच, तिच्यासमोर भिंत. आरशात ऊन पडेना. त्या दुसऱ्याच दिवशी टेबल व्हरांड्याच्या टोकाला घेऊन आल्या आणि येणारे-जाणारे त्यांच्या खांद्यावरून डोकावायला लागले. जातं न्यायचं म्हटल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "हा दवाखाना आहे, पिठाची गिरणी नाही." जातं जिनातच राहिलं.

त्यातच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. बैतूलकडे कुठेतरी. हुकूम हातात पडून बरेच दिवस झाले तरी त्या जाईनात. आज ताप आला, उद्या मोजदाद राहिली, असं सांगत राहिल्या. सगळ्यांना वाटलं, भुसावळपासून आणखी दूर जायचं म्हणून टाळताहेत. मला माहीत होतं. द्वारकेचा शेवटचा बेडका राहिला होता. मधला एक तपासला त्यात थोड्याच काड्या होत्या, पुढच्यात एकही नव्हती. हाही कोरा आला तर गोपाळ घरी.

तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण बाईंना मी पाहिलं ते तेव्हाचंच शेवटचं. दुसऱ्या दिवशी मला माहेरी जावं लागलं, आणि परत आले तेव्हा त्या गेल्या होत्या.

व्हरांडा माणसांनी भरला होता. हात गळ्यात बांधलेले, तापाने कुडकुडणारे, पायाला प्लास्टर केलेला एक हमाल, एक पोलीस. द्वारका टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी, हातात वाटी, डोक्यावरून पदर. तिच्या पाठीकडे सगळ्यांचे डोळे. ती खांदे उचलायची, आणि काही होत नसे. बाई आत जात होत्या, बाहेर येत होत्या. तिला खोलीत न्यावं तर तिथे रक्त द्यायला आलेल्यांची रांग.

सोनजी पाटील पायरीवर बसले होते. ते उठले. त्यांनी उपरणं झटकलं आणि मोठ्याने म्हणाले, "चला रे सगळे. चहा पाजतो."

कोणी हललं नाही.

"जिलेबी बी खाऊ घालतो. मावा जिलेबी. उठा."

"पाटील, माझा नंबर जाईल."

"तुझा नंबर मी सांभाळतो. ऊठ."

"काय लगीन हाय का घरी?"

"लगीनच समज. ए हवालदार, तुमी बी चला. तुमच्याशिवाय हलवाई ताजी देत नाही."

प्लास्टरवाला हमाल म्हणाला, "माझा पाय?"

"तुले उचलतो." आणि खरंच त्याच्या काखेत हात घालून पाटलांनी त्याला उभं केलं. रक्त द्यायची रांगसुद्धा त्यांच्यामागे निघाली, कंपाउंडरही. पाटलांनी जाताना एकदाही सुनेकडे वळून पाहिलं नाही. फाटकाबाहेर त्यांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू येत होता, "पहिली कढई माह्यी!"

व्हरांड्यात आम्ही तिघी उरलो. द्वारकेने पदर मागे टाकला आणि ती खोकली.

बाईंनी काच केली. रंग दिला, धुतली, वाळवली. टेबल कठड्याशी ओढलं. मग त्या वाकल्या. माणसं जिलेबी खाऊन परत आली, आपापल्या जागी बसली, कोणी नंबरावरून भांडलं. बाई वाकलेल्याच. एकदा डोकं वर काढून म्हणाल्या, "नाहीत," आणि त्याच वाटीतून दुसरी काच करायला घेतली. ती बघून झाल्यावर पाटलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नाहीत, पाटील."

"पोर आनू?"

"आणा."

निंबोल्याची गाडी गाठायला पाटील तसेच निघाले, उपरणं पायरीवर विसरून. मी ते उचललं.

द्वारका हलली नाही. टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, आजून एक डाव बघा."

"बघितलं ग. दोन काचा बघितल्या."

"आजून एक डाव. मांगं बी कोरं म्हनल्या होत्या."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी वाटीतून तिसरी काच केली. ऊन आता फक्त कठड्यावर राहिलं होतं. त्यांनी आरसा फिरवून ते कसंबसं पकडलं आणि नळीला डोळा लावला. द्वारका टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती.

ऊन कठड्यावरूनही सरकायला लागलं तेव्हा बाईंनी डोळा न काढता डावा हात बाजूला नेला. चाचपडत तो द्वारकेच्या हातावर ठेवला.

"नाहीत ग. जा, पोर येतंय."

द्वारका पायऱ्यांवरून धावत उतरली. बाई तशाच वाकून होत्या, आणि एका बोटाने काच अजून पुढे सरकवत होत्या.